एका पंगतीतली दोन पोटं

"आम्हीही तेच जेवलो की! आम्हाला कुठे काय झालं?"

पोटाचा जुना त्रास असलेल्या माणसाने हे वाक्य कधी ऐकलं नाही, असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. लग्नाच्या पंगतीतून कुणी हात धुऊन घाईने आत गेलं, सहलीच्या बसमध्ये कुणी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली, हरभऱ्याची उसळ कुणी ताटात तशीच ठेवली, की आजूबाजूचं कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तो नुसता हिशेब मांडत असतो. स्वयंपाक एक, पाणी एक, वेळ एक. बाकी सगळी पंगत ठणठणीत, म्हणजे जेवणात खोट नाही. मग खोट कुठे? तपासण्यांत तर काहीच निघालेलं नाही. तेव्हा ती त्याच्या डोक्यात असणार. हे शेवटचं सहसा कुणी तोंडाने बोलत नाही, पण ज्याच्याबद्दल असतं त्याला ते नीट ऐकू जातं.

मला या हिशेबाबद्दलच लिहायचं आहे. आजारी आणि निरोगी माणसांना तेच खायला-प्यायला द्यायचं आणि कुणाला काय होतं ते बघायचं, हा हिशेब डॉक्टरांनीही गेली पन्नास वर्षं मांडला आहे. त्यांनी तो मोजून-मापून मांडला आणि त्यांचं उत्तर आपल्या घरच्या उत्तरापेक्षा फार वेगळं आलं.

या तुलनेत मी निरोगी बाजूला आहे. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आहे माझ्या धाकट्या भावाला. दोघं आईच्या हातचं तेच खाऊन वाढलो, त्याच नळाचं पाणी प्यायलो. मला रात्री दहाला खाल्लेली कांदाभजीही पचतात. त्याची सकाळ मात्र पाचला सुरू होते, कारण आठची लोकल पकडायची तर आधी पोटाला वेळ द्यावा लागतो. चहा होतो, मग एकदा जाऊन येतो. जरा बरं वाटतं, पण पोट साफ झालंय असं वाटत नाही. अंघोळ झाली की पुन्हा एकदा. डबा भरून, बूट चढवून दार ओढणार तोच बेंबीखाली कळ येते आणि बूट काढावे लागतात. पुण्याच्या लोकलला संडास नसतो. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर स्वच्छतागृह कुठल्या टोकाला आहे, सकाळी ते उघडं असतं का, आत पाणी असतं का, हे त्याला पाठ आहे. त्याच मार्गावर मी वर्षानुवर्षं जाते-येते, मला त्यातलं एकही ठाऊक नाही. माझ्यावर कधी ते शोधायची वेळच आलेली नाही.

दुपारनंतर त्याचं पोट फुगायला लागतं. सकाळी नीट बसलेला पट्टा संध्याकाळी एक भोक सैल करावा लागतो. काही आठवडे जुलाबाकडे कल, मग अचानक दोन-दोन दिवस काहीच नाही आणि खडा धरलेला. अधूनमधून आव पडते. शौचाला जाऊन आलं की दुखणं ओसरतं, म्हणजे दुखण्याचा आणि शौचाचा काहीतरी धागा आहे हे कुणी न सांगताही त्याच्या लक्षात आलं होतं.

त्याची एक प्लॅस्टिकची फाइल आहे. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणारा जो सीलिअॅक आजार असतो त्याची रक्ततपासणी, मलाची तपासणी. प्रत्येक कागदाच्या तळाशी तोच निष्कर्ष, नॉर्मल. रिपोर्ट आला की आई देवापुढे साखर ठेवायची. आणि तो मला हळूच म्हणायचा, "ताई, काहीतरी निघायला हवं होतं गं." ज्याला कर्करोग नाही, अल्सर नाही, क्षय नाही, त्या माणसाने असं म्हणावं! पण त्याचं म्हणणं मला कळत होतं. निघालं असतं तर त्याचं दुखणं खरं ठरलं असतं.

तपासण्या निरर्थक नव्हत्या, हे इथेच सांगते. शौचातून रक्त पडणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री गाढ झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणं, यातलं काहीही असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. माझ्या भावाला यातलं काही नव्हतं. जे होतं ते आयबीएसच्या व्याख्येत जसंच्या तसं बसत होतं. रोम शहराच्या नावाने ओळखले जाणारे जे निकष जगभरचे पोटविकारतज्ज्ञ वापरतात, त्यांची २०१६ सालची चौथी आवृत्ती सांगते: गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखणं, आणि ते दुखणं शौचाशी, शौचाच्या वेळांत पडलेल्या फरकाशी किंवा मलाच्या स्वरूपात पडलेल्या फरकाशी, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टींशी जोडलेलं असणं, आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी किंवा त्याआधी झालेली असणं. यात रक्ताचा एक थेंब नाही की कुठला फोटो नाही. रुग्ण काय सांगतो ते नीट ऐकायचं, हेच निदान.

आता तुलनेकडे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. आयबीएसचे २९ रुग्ण घेतले आणि २९ निरोगी माणसं. सगळ्यांना वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा लिटर पाणी प्यायला दिलं. एका दिवशी त्यात ४० ग्रॅम ग्लुकोज, एका दिवशी ४० ग्रॅम फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, आणि एका दिवशी ४० ग्रॅम इन्युलिन. इन्युलिन हे कांदा, लसूण, गहू यांत असणाऱ्या फ्रुक्टॅन जातीच्या कर्बोदकांपैकी. लहान आतड्याला ते पचवता येत नाही. कुणालाच येत नाही, निरोग्यालाही नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जंतू ते आंबवून त्याचा वायू करतात. पेय पोटात गेल्यावर काही तास या सगळ्यांचे एमआरआय काढत राहिले. लहान आतड्यात पाणी किती साठलं, मोठ्या आतड्यात वायू किती झाला, हे डोळ्यांनी बघायचं आणि त्याच वेळी विचारायचं, पोट कसं आहे?

फ्रुक्टोजने लहान आतड्यातलं पाणी वाढलं. इन्युलिनने मोठ्या आतड्यातला वायू वाढला. हे दोन्ही गटांत झालं आणि जवळपास सारखंच झालं. रुग्णांच्या पोटात वायू जास्त झालेला नव्हता. तरीही इन्युलिनवर २९ पैकी १३ रुग्णांचा त्रास प्रयोगकर्त्यांनी ठरवलेल्या रेषेच्या वर गेला, फ्रुक्टोजवर ११ जणांचा, ग्लुकोजवर फक्त ६ जणांचा. निरोगी माणसं तेवढाच वायू पोटात घेऊन बऱ्यापैकी आरामात होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांवरच थांबले. "आम्हीही तेच जेवलो" हे वाक्य इथे शब्दशः खरं झालेलं आहे. तेच प्यायले, आत तेच घडलं, आणि एकाला दुखलं, दुसऱ्याला नाही. पण इथे कुणी म्हणू शकत नाही की रुग्णाच्या आत काही घडतच नव्हतं. घडत होतं, फोटोत दिसत होतं. उलट निरोगी माणसाच्या पोटातही तेच घडत होतं, त्याला फक्त त्याची खबर लागत नव्हती. आपण निरोगी लोक समजतो की आपल्या पोटात काही होत नाही. होतं. रोज होतं, प्रत्येक जेवणानंतर होतं. आतडं फुगतं, आकसतं, ढवळतं, वायू पुढे ढकलतं. त्यातलं जवळजवळ काहीच आपल्या जाणिवेपर्यंत पोचत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९७३ साली रिची नावाच्या डॉक्टरांनी 'गट' (Gut, म्हणजे आतडं) या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला होता. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात एक लहानसा फुगा सरकवायचा आणि त्यात हळूहळू हवा भरायची. ६० मिलिलीटरला, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढ्या हवेला, आयबीएस नसलेल्या माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं. रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. पुढे १९९० मध्ये अमेरिकेत व्हाइटहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला एक फार महत्त्वाची जोड दिली. फुगा तर फुगवलाच, शिवाय त्याच माणसांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून धरायला सांगितलं. रुग्ण जर मुळातच हळवे, सोसायची ताकद कमी असलेले असतील तर त्यांनी हातही लवकर बाहेर काढायला हवा होता. तसं झालं नाही. बर्फात हात त्यांनी इतरांइतकाच धरला, सहन झालं नाही ते आतड्यातलं ताणणं. नंतरच्या काही अभ्यासांत काही रुग्णांची कातडीही जास्त संवेदनशील निघाली, तेव्हा सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. पण "याला काही सोसतच नाही" हा आपल्या घराघरांतला शेरा मात्र त्या बर्फाच्या पाण्यापुढे टिकत नाही.

बार्सिलोनामध्ये तर लहान आतड्यात नळीने थेट वायूच सोडून पाहिला. २० रुग्ण, २० निरोगी. ज्या वेगाने वायू आत येत होता त्याच वेगाने निरोगी आतड्याने तो पुढे सारून बाहेर टाकला. २० पैकी चारच निरोगी माणसांना काही अडचण आली. रुग्णांत १८ जणांचा वायू तरी अडकला, पोट तरी फुगलं किंवा त्रास तरी झाला. हा निबंध २००१ चा. संध्याकाळी एक भोक सैल होणारा पट्टा मला तो वाचताना आठवल्याशिवाय राहिला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण असे आकडे वाचून लोक लगेच विचारतात, मग ही फुग्याची तपासणी आमचीही करा ना. ५५ टक्क्यांना दुखलं याचा अर्थ ४५ टक्के रुग्णांना त्या मापाला दुखलं नाही. आणि ६ टक्के निरोग्यांना दुखलं. दोन गट शेजारी ठेवले तर फरक लख्ख दिसतो, पण एका माणसाला पुढे उभं करून हा रुग्ण की निरोगी हे त्या फुग्यावरून ठरवता येत नाही. आजही आयबीएस ठरवणारी अशी एकही रक्ततपासणी किंवा फोटो नाही. माझ्या भावाच्या फाइलमधले कागद नॉर्मल होते ते त्यामुळेच. कोलोनोस्कोपीची दुर्बीण आतड्याचं अस्तर बघते, जखम बघते, गाठ बघते. त्या अस्तराखालच्या मज्जातंतूंना काय जाणवतंय हे तिला दिसत नाही.

आपल्याकडे निरोगी माणसाकडे न बघितल्याचा एक तोटा पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. पोटाची जुनी तक्रार घेऊन गेलं की मल तपासायचा, त्यात अमिबाच्या सिस्ट, म्हणजे कवचातले सुप्त अमिबा, दिसल्या की "जुनाट आमांश" म्हणायचं आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांचा कोर्स. तोंड कडू, जेवणावरची वासना गेलेली, आणि महिन्याभराने तक्रार होती तिथेच. मग पुन्हा कोर्स. माझ्या भावाने हे केलंय, आमच्या ओळखीत तर कितीतरी जणांनी. पण ज्यांना काहीही त्रास नाही अशा माणसांचा मल तपासला तरी त्यातही अशा सिस्ट सापडतात, हे कुणी बघायचं? शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखा दिसणारा, पण निरुपद्रवी असा एन्टामीबा डिस्पार नावाचा वेगळा अमिबा असतो, हे १९९३ मध्ये रीतसर मान्य झालेलं आहे. शेजारच्या निरोगी माणसाच्या पोटातही तोच पाहुणा असेल, तर दुखण्याचं खापर त्याच्यावर कसं फोडायचं?

आपल्या देशात असे रुग्ण किती, याची पाहणी इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या तज्ज्ञगटाने केली होती, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. दवाखान्यात आलेले रुग्ण तर त्यांनी घेतलेच, पण समाजातली साधी ४५०० माणसंही घेतली. त्यांत आयबीएस निघाला ४.२ टक्क्यांना. पाश्चात्त्य देशांत रुग्णांत बायका जास्त, आपल्याकडे दवाखान्यात आलेल्यांत पुरुष जास्त. ज्या इमारतीत शंभर माणसं राहतात तिथे असे चार जण असणार. पण आपल्याकडे माणूस रक्तदाब सांगतो, साखर सांगतो, शौचाचं सांगत नाही.

मग निरोगी माणसाचा रुग्ण होतो कसा? यावर मी जे वाचलं त्यात मला सगळ्यात जास्त हलवलं ते कॅनडातल्या एका गावाने.

ऑन्टारिओ प्रांतातलं वॉकर्टन. पाचेक हजार वस्तीचं, भोवती शेती आणि गुरं. २००० सालच्या मे महिन्यात तिथे मुसळधार पाऊस झाला. शेतातल्या शेणखताचं पाणी जमिनीतून गावाच्या एका विहिरीत उतरलं आणि पाण्यात क्लोरीन पुरेसं नव्हतं. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळातून घरोघर गेले. २३०० हून अधिक माणसं आजारी पडली, सात दगावली. पुढे न्यायालयीन चौकशी झाली, कायदे बदलले. आणि डॉक्टरांनी त्या गावाला वर्षानुवर्षं सोडलं नाही, ते तिथल्या लोकांना पुन्हा पुन्हा तपासत राहिले. ज्यांना आधीपासून आयबीएस होता त्यांना वगळलं. म्हणजे उरलेले सगळे पावसाआधी निरोगी बाजूचेच. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांना त्या वेळी जुलाब झाले नव्हते त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण १०.१ टक्के होतं, आणि ज्यांचा आजार वैद्यकीय नोंदींवरून पटण्यासारखा होता त्यांच्यात ३६.२ टक्के. आठ वर्षांनीही, ज्यांना तेव्हा आजार झाला होता त्यांच्यात १५.४ टक्के आणि झाला नव्हता त्यांच्यात ५.४ टक्के. जंतू कधीच निघून गेले होते. विहीर बंद झाली होती. आतडी मात्र पहिल्यासारखी झाली नव्हती.

माझ्या भावाचं हॉस्टेल, तिथला एक पावसाळा, सगळ्या मजल्याला लागलेले जुलाब, त्याला चढवलेलं सलाइन. "तेव्हापासून पोट बसलंच नाही" असं तो म्हणतो. असं म्हणणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. टायफॉइडनंतर बिघडलं, यात्रेतल्या पाण्याने बिघडलं, ते बिघडलंच. त्याच्याच खोलीतला मुलगा त्याच साथीत आजारी पडला होता आणि तो आज ठणठणीत आहे. ३६ टक्क्यांना झालं म्हणजे ६४ टक्क्यांना झालं नाही, हेही त्यातच आलं. कोण कोणत्या बाजूला पडणार यात आजार किती दिवस चालला, किती जोरात होता, त्या काळात मनावर ताण किती होता, अशा बऱ्याच गोष्टींचा हात असतो.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये यातली एक कडी उलगडली. उंदरांना आतड्याचा संसर्ग झालेला असताना एक विशिष्ट अन्नघटक खाऊ घातला. संसर्ग बरा झाल्यावर तोच घटक पुन्हा पोटात गेला की आतड्यातल्या मास्ट पेशी, म्हणजे अॅलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या पेशी, जाग्या व्हायच्या आणि आतडं जास्त संवेदनशील व्हायचं. साथीच्या काळात जे पोटात होतं त्यालाच शरीराने शत्रू ठरवलं होतं, आणि तेही फक्त आतड्यापुरतं. रक्तात अॅलर्जीचा पत्ता नाही. मग माणसांकडे वळले. दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तरात गहू, सोया, दूध, ग्लुटेन यांचा सूक्ष्म अंश टोचला. १२ च्या १२ रुग्णांत एकाला तरी प्रतिक्रिया उठली. ८ निरोग्यांत दोघांना. मोजकी माणसं आहेत, यावरून कुणी जाहीरनामा काढू नये. पण "मला पोळी बाधते" असं सांगणाऱ्याच्या रक्तात काहीच का सापडत नाही, याचं एक उत्तर तिथे आहे.

आणि मन? मनाचा काही संबंध नाही असं मी म्हणणार नाही, कारण तेही खरं नाही. रुग्णांमध्ये चिंता आणि नैराश्य निरोग्यांपेक्षा जास्त आढळतं. परीक्षा, मुलाखत, घरातलं भांडण, यांनी भावाचं पोट बिघडतं हे मी बघितलेलं आहे. पण आधी काय आणि मागून काय? ऑस्ट्रेलियात बारा वर्षं लोकांचा माग ठेवलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. सुरुवातीला चिंता असलेल्यांना पुढे पोटाचा त्रास सुरू झाला, हे दिसलं. आणि सुरुवातीला मन शांत, फक्त पोट बिघडलेलं, अशांना पुढे चिंतेने गाठलं, हेही दिसलं. रस्ता दुहेरी आहे. २०२१ मध्ये ५३,४०० रुग्ण आणि ४ लाख ३३ हजार इतर लोकांची जनुकं ताडून बघितली, तेव्हा सहा ठिकाणी फरक सापडला आणि त्यातल्या बऱ्याच जागा चिंता-नैराश्याशी जोडलेल्याच निघाल्या. मेंदूचे आणि आतड्याचे मज्जातंतू एकाच मुशीतून आलेले, तर एकाच ठिकाणी नाजूक असू शकतात. घराबाहेर पडताना रोज संडासाचा विचार करावा लागणाऱ्या माणसाने चिंता करू नये, ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

माझ्या भावाच्या आयुष्यात प्रत्यक्ष फरक पाडला तो मात्र मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या कामाने. लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, पाणी ओढणारी आणि आंबणारी जी छोटी कर्बोदकं असतात त्यांना त्यांनी फॉडमॅप असं एकत्र नाव दिलं. आपल्या स्वयंपाकघरात ती कुठे नाहीत? कांदा, लसूण, गव्हाची पोळी, तूर, हरभरा, राजमा, दूध, फ्लॉवर, सफरचंद. २०१४ मध्ये त्यांनी ३० रुग्ण आणि ८ निरोगी माणसांना २१ दिवस कमी फॉडमॅपचं आणि २१ दिवस नेहमीचं ऑस्ट्रेलियन जेवण, सगळं स्वतः रांधून पुरवलेलं, असं आलटून-पालटून दिलं. शंभरपैकी त्रासाचे गुण द्यायचे होते. रुग्णांचे नेहमीच्या जेवणावर ४४.९ होते, बदललेल्या जेवणावर २२.८. निरोग्यांना दोन्ही जेवणांवर फारसं काही झालंच नाही. म्हणजे कांदा-लसूण वाईट नाही. पोळी वाईट नाही. निरोगी माणसाने ते सोडायचं काही कारण नाही, उलट आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं तेच खाद्य. जो हे सगळ्यांना सोडायला सांगतो त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करावं.

आहारतज्ज्ञ बाईंनी भावाला हे पथ्य दिलं तेव्हा आईला वाटलं, आता याने खायचं तरी काय? आजी असेपर्यंत आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असायचं. कांदेनवमीला शेवटची भजी, थालीपीठं, कांद्याचा झुणका, आणि मग थेट कार्तिकी एकादशीपर्यंत शिंकाळं रिकामं. बाईंची यादी बघून आई म्हणाली, "हे तर सासूबाईंचंच स्वयंपाकघर!" तसं अगदी नव्हे, कारण आजीच्या त्या स्वयंपाकात तुरीचं वरण आणि पोळ्या रोजच असत. पण कांद्यावाचून भाजी चवीला उभी कशी करायची हे आईच्या हाताला ठाऊक होतं. ओलं खोबरं, कोथिंबीर, आलं, कोकम, भाजलेल्या तिळाचं कूट. ज्वारीची भाकरी आणि भात होताच. लसणाची एक युक्ती मात्र तिला नवी होती आणि ती फार आवडली. लसणातली ही कर्बोदकं पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेव्हा कढईत तेल तापलं की ठेचलेल्या पाकळ्या टाकायच्या, कडेने तांबूस होऊन वास सुटला की झाऱ्याने एकूण एक उचलून घ्यायच्या, आणि मगच मोहरी, हिंग आणि भाजी. पाणी पडायच्या आत लसूण बाहेर. वास सगळा राहतो. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायची सवय आईला तेव्हापासून लागली.

हे पथ्य जन्मभराचं नसतं. दोन ते सहा आठवडे कडक, आणि मग एकेक गट परत आणून बघायचा, तीन दिवस, वाढत्या मापाने, काय होतं ते लिहीत. खरं काम या दुसऱ्या टप्प्यात आहे आणि नेमका तोच लोक टाळतात. बरं वाटतंय ना, मग कशाला उघडा, असं म्हणून निम्मं अन्न कायमचं सोडून बसतात. सगळ्यांनाच या पथ्याने गुण येतो असंही नाही. कुणाला इसबगोल पुरतो, कुणाला पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, कुणाला अगदी कमी मात्रेतलं अॅमिट्रिप्टिलीन. ते औषध नैराश्याचं म्हणून ओळखलं जातं, पण इथे ते आतड्याच्या वेदनेसाठी असतं. कुणाला मनाच्या डॉक्टरांकडच्या बैठकांनी उतार पडतो. हे ज्याचं त्याने डॉक्टरांबरोबर ठरवायचं.

भावाच्या वहीत आता बऱ्याच ओळी भरल्या आहेत. दूध चालतं. एक पोळी चालते, तीन चालत नाहीत. कांदा अजिबात नाही, पातीचा हिरवा भाग चालतो. पहाटेचं उठणं अजून सुटलेलं नाही, पण बूट काढायची वेळ आता क्वचित येते. पुढच्या आठवड्यात तुरीच्या डाळीची पाळी आहे. पहिल्या दिवशी पाव वाटी वरण, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी भरून. मी त्या दिवसांत तिकडेच जाऊन राहणार आहे. मीही त्याच्याबरोबर तेवढंच वरण घेणार आणि वहीत माझा रकाना त्याच्या शेजारी भरणार.